तुझ्या रिपोर्टबद्दल

सातारा

प्रिय नंदू,

रिपोर्ट मिळाला. एकूण कोलेस्टेरॉल २९६, एलडीएल (म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉल) २२६, ट्रायग्लिसराइड १२०, साखर आणि थायरॉइड ठीक. खाली तुझी तक्रार: तूप सोडलं, अंड्याचा बलक सोडला, रोज तासभर चालतो, तरी हे असं; आणि दादा दर रविवारी मटणावर ताव मारतो, त्याचं एलडीएल ११०! अरे, एकाच घरात, एकाच हाताचं जेवून वाढलेल्या सख्ख्या भावांत इतकी तफावत असेल, तर स्वयंपाकघरात चोर शोधून उपयोग नाही. पथ्याने एलडीएल सहसा दहा-पंधरा टक्केच उतरतं. तुझं पथ्य जमेस धरूनही आकडा २२६ आहे, हे लक्षात घे.

आता काकांचं आठव. त्यांच्या पापण्यांवर नाकाच्या बाजूला पिवळट उंचवटे होते; आपण ते चष्म्याचे वण समजायचो. तसे ते कोलेस्टेरॉल नॉर्मल असणाऱ्यांनाही येतात, म्हणून ते सोडून देऊ. पण कॅरम खेळताना काका स्ट्रायकरवर बोट टेकवायचे तेव्हा हाताच्या पाठीवर, बोटांच्या सांध्यांशी टणक गाठी वर यायच्या. दाबलं तरी दुखायच्या नाहीत, बोट वाकवलं की शिरेबरोबर (रक्ताची नव्हे, स्नायू हाडाला बांधणारी दोरीसारखी शीर) सरकायच्या. त्या शिरेतच साठलेल्या कोलेस्टेरॉलच्या गाठी असणार. अशा गाठी आणि काकांना आला तसा चव्वेचाळिसाव्या वर्षी हार्ट अटॅक, ही जोडी ऐकली की हृदयरोगतज्ज्ञाच्या मनात पहिलं नाव येतं फॅमिलिअल हायपरकोलेस्टेरोलेमियाचं, म्हणजे एफएचचं: जन्मापासून एलडीएल चढं ठेवणारा आनुवंशिक दोष. नॉर्वेचे डॉक्टर कार्ल म्युलर यांनी १९३०च्या दशकातच हे घराण्यात उतरतं असं दाखवून दिलं होतं. साधारण अडीचशे माणसांत एकाला हा दोष असतो. आपल्या शाळेत दोन-तीन तरी असतील, आणि कुणाला पत्ता नसेल.

होतं काय, तर यकृताच्या पेशींवर एलडीएलचे कण पकडून आत नेणारे रिसेप्टर असतात. घंटागाडीच म्हण ना: कचरा उचलायचा, आत रिकामा करायचा, पुन्हा फेरीला. त्यांचं जीन आपल्याकडे दोन प्रतींत असतं, एक आईकडून, एक वडिलांकडून. एक प्रत नासकी निघाली की निम्म्याच गाड्या चालू, आणि माल रक्तात तुंबतो. डॅलसच्या मायकल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांनी १९७०च्या दशकात हे उलगडलं. १९८५ साली त्यांना नोबेल मिळालं.

दोन्ही प्रती बिघडल्या तर काय होतं, ते टेक्सासच्या स्टॉर्मी जोन्समुळे जगाला कळलं. सहा वर्षांची पोर, कोलेस्टेरॉल हजाराच्या वर, हृदय पार खिळखिळं. नुसतं हृदय बदललं असतं तर तेही काही वर्षांत तसंच झालं असतं. म्हणून फेब्रुवारी १९८४ मध्ये पिट्सबर्गला थॉमस स्टार्झल यांच्या चमूने तिला हृदयाबरोबर नवं यकृतही बसवलं. कोलेस्टेरॉल तीनशेच्या खाली आलं! मूळ दुखणं यकृतात आहे याचा याहून रोखठोक पुरावा कुठला हवा? बिचारी १९९० मध्ये, तेराव्या वर्षी गेली. (तुमच्याकडे आते-मामेभावंडांत लग्नं जुळवतात, म्हणून सांगतो: दोघांकडे हाच दोष असेल तर मुलाला दोन्ही नासक्या प्रती मिळायची शक्यता चारांत एक. आत्याच्या कानावर घाल.)

आता याची उलट बाजू, मला सगळ्यात आवडते ती. पीसीएसके९ नावाचं एक प्रथिन आहे, ते रिसेप्टरना मोडीत काढतं. त्याच्या जीनमध्ये बिघाड होऊन ते जास्त जोरात काम करू लागलं तर एफएचसारखंच होतं. हे २००३ मध्ये फ्रान्समधल्या कुटुंबांत सापडलं. पण ते बंद पडलं तर? हेलन हॉब्स आणि जोनाथन कोहेन यांना काही आफ्रिकन-अमेरिकन लोकांत तसा बिघाड मिळाला. २००६ सालचे त्यांचे आकडे बघ: एलडीएल फक्त २८ टक्क्यांनी कमी, पण हृदयविकार ८८ टक्क्यांनी कमी. कारण ते कमी होतं जन्मापासून. आजचा आकडा किती, याइतकंच तो किती वर्षं तसा आहे हेही मोजावं लागतं. तुझा बहुधा जन्मापासून असाच आहे.

म्हणून गोळी. 'एकदा लागली की सुटत नाही' म्हणतोस. नाहीच सुटणार, जीन सुटतं का? ही गोळी म्हणजे स्टॅटिन. तिच्यामुळे यकृत स्वतः कमी कोलेस्टेरॉल बनवतं आणि गरज भागवायला जास्त रिसेप्टर बाहेर काढतं; तुझी जी एक प्रत शाबूत आहे तिला कामाला लावतं. पुरेसं उतरलं नाही तर एझेटिमाइब नावाची दुसरी गोळी आहे, आणि पीसीएसके९ अडवणारी इंजेक्शनंही आहेत. व्हॉट्सअॅपवरचा लसणाचा आणि अर्जुनसालीचा काढा प्यायचा तर पी, पण गोळीच्या जागी नको.

आणि तुझ्या लेकीचं, सईचं काय? तुझ्यात दोष असेल तर तिच्यात असण्याची शक्यता निम्मी. बारा वर्षांची आहे, म्हणजे तपासायला अजिबात लवकर नाही. नेदरलँड्समध्ये एफएच असलेल्या मुलांना लहानपणीच स्टॅटिन सुरू करून वीस वर्षं पाहिलं. २०१९ मध्ये निकाल आला: एकोणचाळिशीपर्यंत त्यांच्यातल्या १ टक्क्याला हृदयविकाराचा झटका वगैरे झालं, तर त्याच वयापर्यंत त्यांच्या एफएच असलेल्या आईवडिलांपैकी २६ टक्क्यांना. वहिनी 'एवढ्या लहान पोरीला गोळ्या?' म्हणतील तेव्हा हे आकडे पुढे कर. गोळी द्यायची का, केव्हा, किती, ते डॉक्टर ठरवतील. तू फक्त रक्त तपासून घे. उपाशीपोटी न्यायचीही बहुधा गरज नाही.

लॅबमध्ये जाशील तेव्हा स्वतःसाठी लायपोप्रोटीन-ए (रक्तातला एलडीएलसारखाच एक कण) पण करून घे. नेहमीच्या लिपिड प्रोफाइलमध्ये ते नसतं, वेगळं सांगावं लागतं. तेही जवळजवळ पूर्ण जीनवरच ठरतं, आयुष्यात एकदा तपासलं की सहसा पुरतं, आणि जास्त निघालं तर डॉक्टर बाकीचं आणखी कडक धरतात. आणि टाचेच्या वरची जाड शीर दोन बोटांत धरून बघ, दादाच्या शिरेपेक्षा जाड लागते का; काकांच्या बोटांसारखं तिथेही कोलेस्टेरॉल साठतं. दादाला कारण सांगू नकोस, नाहीतर गावभर करेल.

पुढच्या आठवड्यात तज्ज्ञांकडे जाशील तेव्हा काकांची गाठींची गोष्ट आधी सांग, रिपोर्ट नंतर दाखव. सईचा आकडा आला की मला फोटो पाठव, रात्रीअपरात्री असला तरी चालेल.

तुझा,
अवि