टेप कुठून सोडली?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

शासन आणि विद्यापीठ यांच्यातल्या जलसुरक्षा कराराची बातमी कालच्या अंकात वाचली. उपग्रह आले, संवेदक आले, प्रयोगशाळा आली. विहिरीवर पातळी कोण आणि कशी मोजणार, यावर एक ओळ नाही. चीड आली ती याचीच.

करारांना विरोध नाही. पोकरा, म्हणजे नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात आयआयटी मुंबईने गावाचा पाण्याचा ताळेबंद मांडायची पद्धत बसवून दिली. पाऊस, अपधाव (वाहून जाणारे पाणी), मातीतली ओल, पिकाची गरज असा सगळा हिशेब त्यात येतो. काम मोलाचे आहे. पण भूजलाचा आकडा खरा की खोटा, हे शेवटी विहिरीच्या काठावरच कळते.

भूजल मोजायला निवडलेल्या निरीक्षण विहिरींची पातळी ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे महिन्यांत घेतात. मधल्या काळात विहिरीला कठडा बांधला जातो आणि मोजायची टेप जमिनीच्या पातळीऐवजी कठड्यावरून सोडली जाते. कठड्याची उंची, समजा ९० सेंटिमीटर, वजा करायची राहिली, की कागदावर पाणी तेवढे खाली गेले. आपल्या काळ्या पाषाणात पाणी धरायला जागा जेमतेम १ ते ३ टक्के. २ टक्के धरून, या एका विहिरीवर ५०० हेक्टरच्या गावाचा हिशेब केला तर चूक ९० टीसीएमची (१ टीसीएम म्हणजे हजार घनमीटर), म्हणजे ९ कोटी लिटरची!

दुसरी चूक पंपाची. पंप रात्रभर बंद ठेवून सकाळी मोजायचे, हे ठीक. पण मे महिन्यात झरे इतके मंद असतात की रात्रही पुरत नाही. म्हणून तासाभराने पुन्हा टेप सोडावी. पाणी अजून चढत असेल तर ती नोंद स्थिर पातळीची नव्हे. शेजारच्या विहिरीवर पंप चालू होता का, तेही लिहावे. जमिनीच्या पातळीला रंगाची पक्की खूण करून तिचा फोटो नोंदीला जोडावा. याला खर्च असा काहीच नाही. करारात एवढे कलम घालाच.

आणि बातमीसोबतच्या तुमच्या चौकटीत एका गावाची पाण्याची तूट ‘४० टीएमसी’ (अब्ज घनफूट) छापली आहे. ते टीसीएम असणार. १ टीएमसी म्हणजे सुमारे २८,३१७ टीसीएम. ४० टीएमसी म्हणजे जायकवाडीच्या उपयुक्त साठ्याच्या निम्म्याहून जास्त पाणी. कृपया दुरुस्ती त्याच पानावर छापावी.

– एक वाचक, परभणी