‘कमी वाजव’ म्हटलं म्हणून रुसलेल्या लेकीस

प्रिय बाळा,

प्रभूत सलाम.

तुझा मेसेज वाचला. चर्चमध्ये उपासनेची गाणी चालवणारे वर्शिप लीडर सरावात सगळ्यांसमोर तुला ‘ड्रम थोडे कमी वाजव’ म्हणाले आणि तुझं डोकं सणकलं. एवढा रियाज करून हात तयार केले ते काय नुसता ठेका धरायला, असं विचारतेस. बाजूला घेऊन सांगायला हवं होतं, हे खरं. पण त्यांचं म्हणणं मला पटतं. क्वायरमध्ये ऑल्टो, म्हणजे बायकांचा खालचा सूर, गाताना मी कायम ड्रमच्या शेजारीच उभी असते, त्यामुळे यावर बोलायचा मला थोडा हक्क आहे असं समजून पुढचं वाच.

कार्यक्रमात लोक तुला ऐकायला येतात. उपासनेत ते स्वतः गायला येतात, आणि त्यातले निम्मे बिचकत, शेजाऱ्याला ऐकू जाणार नाही अशा बेताने गातात. त्यांना आपलाच आवाज ऐकू आला नाही की ते गप्प होतात. मग बँड वाजतो आणि मंडळी बघत बसते. तुझ्या क्रॅशने, म्हणजे त्या मोठ्या झांजेने, नेमकं काय होतं ते सांगते. गाण्यातले शब्द कळतात ते व्यंजनांमुळे. ‘स’, ‘श’, ‘त’, ‘क’ हे सगळे आवाज उंच पट्टीतले, आणि झांजांचा झणकारही तिथेच पसरतो. किकने, म्हणजे पायाने वाजणाऱ्या मोठ्या ड्रमने, सूर दबत नाहीत, पण उघड्या हाय-हॅटवर, म्हणजे पायाने उघडमिट होणाऱ्या जोडझांजेवर, आठ-आठ स्ट्रोक पडायला लागले की आम्हाला शेजारणीचे शब्दसुद्धा कळत नाहीत. तुमचं सभागृह उंच छताचं आणि पडदे नसलेल्या कोऱ्या भिंतींचं असेल तर एक क्रॅश पुढच्या दोन मात्रा खाऊन टाकतो. म्हणून हाय-हॅट बंद ठेव, राईड ही ठेक्याची झांज काठीच्या टोकाने वाजव आणि क्रॅश ध्रुपदाच्या पहिल्या मात्रेसाठी राखून ठेव. ७ए ची बारीक काठी घेऊन बघ, किंवा रॉड्स, म्हणजे बारीक काड्यांची जुडी. त्याने आवाज कमी होतो आणि जोर मात्र तुझ्या मनगटातच राहतो.

पहिल्या कडव्याला खुशाल हात मांडीवर ठेवून बस. दुसऱ्याला रिमक्लिक (स्नेअर ड्रमच्या कडेवर काठीचा हलका टोला) आणि किक, तीही बेस गिटारच्या बोटांशी जुळवून. बेसवाल्याशी तुझं जमलं पाहिजे, बाकीच्यांशी नाही जमलं तरी एक वेळ चालेल. फिल, म्हणजे दोन ओळींमधली भर, मारायचाच असेल तर ओळ संपल्यावर जिथे लोक श्वास घेतात तिथे मार, आणि तोही असा की पुढची ओळ कुठे सुरू होते ते त्यांना कळावं. उपासनेत फिलचं काम हेच. तुझा तो सगळ्या टॉम्सवरून फिरून येणारा फिल मला फार आवडतो, पण त्यानंतर ओळ कुठे उचलायची ते निम्म्या लोकांना समजत नाही.

यात कमीपणा वाटत असेल तर बायबलमधल्या ‘पहिला इतिहास’ या पुस्तकाचा पंधरावा अध्याय काढ. दावीद राजा कराराचा कोश, म्हणजे देवाच्या कराराची पवित्र पेटी, आणवतो तेव्हा हेमान, आसाफ आणि एथान यांना पितळी झांजा वाजवायला नेमलेलं आहे. झांजा वाजवणाऱ्या त्याच आसाफाचं नाव स्तोत्रसंहितेत १२ स्तोत्रांवर आहे, ५० वं आणि ७३ ते ८३. म्हणजे वाजवणारा माणूस शब्दांतही तितकाच बुडालेला होता. तुझ्या पिढीतले बरेच ड्रमर गाण्याचे शब्द पाठ करत नाहीत, फक्त ‘इंट्रो, वर्स, ब्रिज’ पाठ करतात. तू शब्द पाठ कर आणि वाजवताना ओठांनी म्हण. फिल कुठे नको ते आपोआप कळायला लागेल.

आता सरावाचं. जलद गाणी तुला येतात, खरी परीक्षा संथ गाण्यात आहे. ७० बीपीएमला, म्हणजे मिनिटाला ७० मात्रा असताना, दोन मात्रांमध्ये जवळपास ०.८६ सेकंद मोकळे असतात आणि तेवढ्यात हाताला खाज सुटते. मेट्रोनोम ३५ वर लाव आणि त्याचा टोला दुसऱ्या-चौथ्या मात्रेवर धर. मधल्या मात्रा तुझ्या तुलाच सांभाळाव्या लागतील. ६/८ च्या, म्हणजे सहा मात्रांच्या, गाण्यांची तुझी तक्रारही मला कळते. दादरा तालात चौथ्या मात्रेला ‘खाली’, म्हणजे बिनजोराची मात्रा, असते आणि इथे नेमका तिथेच स्नेअर पडतो. कान दादऱ्याचा असेल तर तो टोला उगीच जड होतो. त्या जागी स्नेअरच्या ऐवजी रिमक्लिक घेऊन बघ.

आणखी एक गोष्ट, जी तुला बहुतेक कोणी सांगितली नसेल. मंडळी मागे ओढते म्हणून तू चिडतेस. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. शेवटचा बाक तुझ्यापासून २० मीटरवर असेल तर तुझा ठोका तिथे पोचायला आणि त्यांचा सूर परत तुझ्यापर्यंत यायला मिळून १२० मिलिसेकंदांच्या आसपास लागतात. १२० बीपीएमच्या गाण्यात ती जवळजवळ पाव मात्रा झाली. म्हणजे ते अगदी वेळेवर गायले तरी तुला उशिराच ऐकू येणार. त्या ऐकू येणाऱ्या सुराला धरून वाजवलंस तर गाणं दर कडव्याला मंदावत जाईल, आणि त्यांना ओढून पुढे न्यायला गेलीस तर धाप लागेल. लय क्लिकवर, म्हणजे कानातल्या मेट्रोनोमवर, ठेव आणि लोकांचा अंदाज डोळ्यांनी घे. श्वास घेताना खांदे उचलतात, ते समोरून स्पष्ट दिसतं. लीडरच्या खुणाही आधी ठरवून घे. पाळक प्रार्थनेला उठले की कुठे थांबायचं हे आयत्या वेळी कळून उपयोग नाही.

लीडरशी भांडू नकोस. पुढच्या रविवारी फोन शेवटच्या बाकावर ठेवून रेकॉर्डिंग कर आणि आधी तू एकटी ऐक. ड्रम किती छान वाजले ते सोडून दे, शब्द कळतात का तेवढं बघ. मग मला पाठव. आवडलं नाही तर मी तोंडावर सांगेन, तुला माहीतच आहे.

तुझी,
आई

ता. क. : इअरप्लग वापरतेस का? अमेरिकेतल्या नायॉश या संस्थेच्या हिशेबाने ८५ डेसिबल आठ तास चालतात, आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. म्हणजे १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटं. ड्रमसमोर प्लास्टिकची काच उभी केली तर आमचे कान वाचतात, तुझे नाही. कापसाचे बोळे चालणार नाहीत, संगीतकारांसाठीचे घे.