सायकलचा पट्टा कामगारांच्या पाळीच्या रस्त्यावर हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या छत्रपती संभाजीनगर शहरात सायकल ट्रॅक आधी की बस आधी, यावर आपल्या अंकात बरीच पत्रं येत आहेत. कोणी लिहितं, जालना रोड आहे त्या गाड्यांनाच पुरत नाही, सायकलला जागा कुठून आणणार? कोणी लिहितं, सकाळच्या व्यायामासाठी चांगला ट्रॅक करून द्या. पोटासाठी रोज सायकल मारणारा माणूस मला या पत्रांत कुठे दिसला नाही. ३४ वर्षं मी तेच केलं, म्हणून लिहायला बसलो.

१९८४ साली मी चिकलठाणा एमआयडीसीत फिटर म्हणून लागलो. घर तेव्हाही मुकुंदवाडीतच. सातची पाळी असली की साडेसहाला निघायचं, डबा हँडलला अडकवायचा आणि चौकातून जालना रोडला लागायचं. पुढेमागे सायकलीच सायकली असायच्या. आता पोरांनी मोटारसायकली घेतल्या हे खरं. पण ठेकेदाराकडचे हेल्पर, वॉचमन, बांधकामावरचे मिस्त्री अजून सायकलवरच जातात. पगारातून पेट्रोल परवडत नाही, हा साधा हिशोब आहे. ही माणसं वर्तमानपत्राला पत्र लिहीत नाहीत, म्हणून ती नाहीतच असं धरून चालू नये.

२०११ च्या डिसेंबरात दुसरी पाळी करून रात्री सव्वाअकराला घरी येत होतो. मागून टेम्पो अगदी चिकटून आला. मी कडेला घेतली, तर तिथे डांबर संपून साइडपट्टी चार बोटं खाली गेलेली. पुढचं चाक त्या कडेवरून घसरलं आणि मी खांद्यावर आपटलो. हासळीचं हाड मोडलं, दोन महिने घरी बसलो. टेम्पो थांबला नाही. पण मला त्या टेम्पोवाल्यापेक्षा ती चार बोटांची कड जास्त आठवते. साइडपट्टीत मुरूम टाकून ती डांबराच्या बरोबरीला आणली असती, तर मी सरळ खाली उतरून उभा राहिलो असतो. सायकल ट्रॅक म्हटलं की रंग, खांब, फलक असं सगळं लोकांच्या डोळ्यांसमोर येतं. मला आधी ती कड बुजवलेली हवी आहे.

दुसरी गोष्ट माझ्या बहिणीच्या नातीची. ती भोकरदन तालुक्यातली. राज्य सरकारच्या मानव विकास कार्यक्रमातून तिला आठवीत सायकल मिळाली. शाळा पाच किलोमीटरच्या आत असेल तर मुलीला सायकल आणि त्याहून लांबच्या मुलींसाठी एसटीची निळी बस, अशी ती सोय आहे. जवळच्याला सायकल, लांबच्याला बस, दोन्ही मिळून एकच व्यवस्था. खेड्यात सरकारला हे सुचलं आणि त्यावर मुली शिकल्या. तीच पोर डिप्लोमाला इथे आमच्याकडे राहायला आली, येताना हौसेनं सायकलही घेऊन आली. आठ दिवस चालवली. नवव्या दिवशी सेव्हन हिलच्या पुलाखालून रडत घरी आली. मागून हॉर्न, डावीकडून रिक्षा, बाईकवरची पोरं मुद्दाम कट मारून जातात. सायकल जिन्याखाली गेली ती गेलीच. आता शेअर रिक्षात पाठीमागे चौघांत दाटीवाटीनं बसून जाते.

बस का नाही, असं कोणी विचारील. शहर बस आहे. २०१९ पासून ‘माझी स्मार्ट बस’ या नावानं ती रस्त्यावर आहे आणि त्यासाठी शंभर बस घेतल्या होत्या. बसबद्दल मला आस्थाच आहे, त्या आणखी वाढाव्यात. पण बस मोठ्या रस्त्यानं जाणार. आमच्या आतल्या गल्ल्यांत ती वळूसुद्धा शकत नाही. घरापासून थांब्यापर्यंतची पायपीट मे महिन्याच्या उन्हात, हातात पिशवी घेऊन करायची म्हटलं तर माणूस दारातल्या रिक्षात बसतो. बस रिकामी धावते ती यामुळे. हेच अंतर सायकलवर पाच-सात मिनिटांचं आहे. फक्त थांब्याजवळ सायकल ठेवायला खात्रीची जागा पाहिजे. पूर्वी बसस्टँडला, टॉकीजला सायकल स्टँड असायचे. पत्र्याचा बिल्ला सायकलला, जोडीचा आपल्या खिशात, संध्याकाळी बिल्ला दिला की सायकल हातात. एका मोटारीच्या जागेत आठ-दहा सायकली सहज मावतात, त्यामुळे जागा नाही हे कारण मला पटत नाही.

कोरोनाच्या काळात क्रांती चौक ते रेल्वे स्टेशन या रस्त्यावर सायकलसाठी पट्टा आखण्याचा प्रयोग झाला होता. तेव्हा आनंद वाटला होता. पण कामगार ज्या वाटेनं सायकलवर जातो, ती वाट शहराच्या दुसऱ्या टोकाला आहे. २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणातच लिहिलं आहे की रस्त्याची जागा वाहनांकडे नव्हे, माणसांकडे बघून वाटावी. मग पहिला पट्टा मुकुंदवाडी चौक ते चिकलठाणा एमआयडीसी असाच आखायला हवा. कडेला कडुनिंब लावावेत. दुपारी तीनला पाळी सुटते तेव्हा डांबर कसं भाजतं, हे त्यावरून सायकल मारल्याशिवाय कळत नाही. रात्री अकराला सुटणाऱ्यांसाठी दिवेही चालू राहावेत.

दुकानदारांची पार्किंगची तक्रार मी समजू शकतो. पण या पट्टीत दुकानांपेक्षा कंपन्यांच्या भिंतीच जास्त आहेत, तिथे तो वाद फारसा येणार नाही.

पट्टा होईपर्यंत निदान मुकुंदवाडीच्या बस थांब्याजवळ सायकल स्टँड करावा, एवढी माझी महापालिकेकडे मागणी आहे. तिथे बसायला माणूस नाही असं कारण पुढे आलं, तर पहिले सहा महिने मी एक पैसा न घेता बसायला तयार आहे. बिल्लेसुद्धा मीच ठोकून देईन.

आपला,
एक निवृत्त फिटर
मुकुंदवाडी, छत्रपती संभाजीनगर