विषय : २० किलोहर्ट्झ पीडब्ल्यूएमवर मोटर आवरत नाही, कंट्रोलर कार्डे बदलून मिळण्याबाबत

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

महोदय,

आपल्याकडून पॅकिंगच्या कन्व्हेयरसाठी घेतलेली २४ व्होल्ट, १० अँपिअरची दोन्ही डीसी मोटर कंट्रोलर कार्डे सदोष आहेत. माहितीपत्रकात पीडब्ल्यूएम (सिग्नल झटपट चालू-बंद करून मोटरचा वेग ठरवण्याची पद्धत) इनपुट ‘१ ते २० किलोहर्ट्झ, आयसोलेटेड’ (म्हणजे मोटरच्या सर्किटपासून विजेने वेगळे) असे छापले आहे. प्रत्यक्षात ते १ किलोहर्ट्झवरच नीट चालते, आणि आयसोलेटेडही नाही.

२० किलोहर्ट्झवर ६० टक्के ड्यूटी (प्रत्येक आवर्तनात सिग्नल चालू राहण्याचा वाटा) दिली की मोटर थेट पूर्ण वेगाने पळते. तोच सिग्नल १ किलोहर्ट्झवर आणला की वेग बरोबर लागतो, म्हणजे मोटर, सप्लाय, वायरिंग सगळे ठीक आहे. ‘प्रोग्रॅम तपासा’ हे आपल्या प्रतिनिधीचे उत्तर मान्य नाही; सिग्नल जनरेटर जोडला तरी हेच घडते.

दोष इनपुटच्या ऑप्टोकप्लरमध्ये (सिग्नल प्रकाशाने पलीकडे पोहोचवून दोन सर्किटे वेगळी ठेवणारा भाग) आहे. कार्डावर पीसी ८१७ हा ऑप्टोकप्लर असून त्यातल्या आउटपुट ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरला १० किलोओहमचा पुल-अप (ट्रान्झिस्टर बंद असताना व्होल्टेज वर ओढणारा रेझिस्टर) आहे. २० किलोहर्ट्झला एक आवर्तन ५० मायक्रोसेकंदांचे. ६० टक्के ड्यूटीला त्यातले बंदचे फक्त २०. तेवढ्यात हा ट्रान्झिस्टर बंदच होत नाही. ऑसिलोस्कोप लावून पाहा : इनपुटला स्वच्छ चौकोनी लाट, आणि कलेक्टरवर किंचित वर येऊन पुन्हा खाली बसणारी करवतीसारखी रेघ. मोटरचा करंट चालू-बंद करणारा मॉस्फेट मग सतत चालूच राहतो. डेटाशीटमधला ट्रान्झिस्टरच्या स्विचिंगचा ४ मायक्रोसेकंदांचा आकडा १०० ओहम लोडचा आहे, १० किलोओहमला तो लागू नाही, हे डिझाइन करणाऱ्याला ठाऊक असायलाच हवे. पट्ट्याशेजारी माणूस हात घालून काम करत असताना मोटर अशी सुटणे धोक्याचे आहे.

आयसोलेशनही नावापुरतेच. इनपुटचा ग्राउंड आणि २४ व्होल्टचे निगेटिव्ह टर्मिनल यांमध्ये मल्टिमीटरचा बझर वाजतो, कारण बोर्डाच्या मागे दोन्ही ट्रॅकनेच जोडलेले आहेत. मोटरचा नॉइज सरळ सिग्नल देणाऱ्या आमच्या कंट्रोलरमध्ये शिरतो.

‘१ किलोहर्ट्झवरच चालवा’ हा सल्ला उपयोगाचा नाही. तिथे मोटर शिट्टीसारखी वाजते, करंटची रिपल (चढउतार) वाढते, मोटर जास्त तापते. २० किलोहर्ट्झ लिहिले होते म्हणूनच हे कार्ड निवडले.

६एन १३७ सारखा वेगवान ऑप्टोकप्लर, इनपुटला ३३० ओहमचा रेझिस्टर, आउटपुटला १ किलोओहम पुल-अप, सप्लायच्या पायांजवळ ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि दोन्ही ग्राउंड वेगळे, अशी कार्डे द्यावीत. पीसी ८१७ चार पायांचा, ६एन १३७ आठ पायांचा. त्यामुळे जुन्याच बोर्डावर सोल्डरिंग करून परत पाठवू नये. अशी कार्डे नसतील तर वाहतूक खर्चासह पूर्ण रक्कम परत करावी. माहितीपत्रकातला मजकूरही दुरुस्त करावा, नाहीतर पुढचा ग्राहक असाच फसेल.

१५ दिवसांत लेखी उत्तर न आल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर (१९१५) तक्रार नोंदवली जाईल.

सोबत : बिलाची प्रत, दोन्ही फ्रिक्वेन्सींवरचे स्कोपचे फोटो, बोर्डाच्या मागच्या बाजूचा फोटो.

आपला ग्राहक