टणक पोलाद आणि घरची कार्यशाळा: कुपवाडच्या काकांना आभारपत्र

तीर्थस्वरूप काकांस,
साष्टांग नमस्कार.

तुमचे नाव कुठे येऊ नये असे तुम्ही बजावले आहे, म्हणून कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत सगळे ज्या हाकेने तुम्हाला ओळखतात, त्याच संबोधनाने हे पत्र लिहीत आहे. १९१० साली कुंडलजवळच्या माळरानावर किर्लोस्करवाडी उभी राहिली, तेव्हापासून आपल्या सांगली जिल्ह्यात लोखंडाचे काम एका हातातून दुसऱ्या हातात जात आले. परंतु टूलरूममधली, म्हणजे कारखान्यातल्या हत्यारे व साचे बनवण्याच्या विभागातली, बारीक समज बहुतेक कारखान्याच्या फाटकाआतच राहते आणि घरामागच्या शेडमध्ये एक बेंच ड्रिल व एक व्हाइस घेऊन काम करणाऱ्यापर्यंत पोहोचत नाही. तुम्ही निवृत्तीनंतर ती माझ्या विश्रामबागेतल्या पत्र्याच्या शेडपर्यंत आणून दिलीत. त्याबद्दलची कृतज्ञता चार लोकांसमोर व्यक्त करावी, म्हणून हे पत्र उघडे ठेवले आहे.

हाताने आटे पाडताना टॅप, म्हणजे भोकात आटे कापणारे हत्यार, सरळ उतरावा यासाठी मी एक लहान टॅपिंग स्टँड बांधत होतो. त्याच्या खांबांसाठी भंगारातून आणलेले २० मिलिमीटरचे गाइड रॉड होते आणि तळासाठी जुन्या डायची (प्रेसच्या साच्याची) १६ मिलिमीटर जाडीची प्लेट. दोन्हींवर हायस्पीड स्टीलचे नेहमीचे ड्रिल नुसते घासले जात होते. चांगल्या प्रतीचे ड्रिल घ्या, जोर वाढवा, तेल जास्त सोडा, असे सल्ले मला पुष्कळ मिळाले होते. तुम्ही आलात, ड्रिल बाजूला ठेवायला सांगितलेत आणि पिशवीतून एक जुनी कानस काढलीत.

रॉडच्या अंगावरून ती कानस काचेवरून सरकावी तशी सरकली. मग तुम्ही ती रॉडच्या कापलेल्या तोंडावर चालवायला सांगितलीत. कडेच्या कड्यावर ती तशीच निसटली आणि मध्यभागी मात्र तिने धातू धरला. अशा रॉडला इंडक्शनने पाणी दिलेले असते, म्हणजे विजेच्या कॉइलने फक्त वरचा थर झटकन तापवून व थंड करून कडक केलेला असतो, त्यामुळे रॉकवेल सी या टणकपणाच्या मापावर ६० च्या आसपासचा टणकपणा फक्त वरच्या दीड-दोन मिलिमीटरच्या थरात असतो आणि आतला गाभा मूळच्या मध्यम कार्बनच्या पोलादाचा, म्हणजे साध्या ड्रिलने कापला जाणारा राहतो, हे तुम्ही त्या एका कानशीवर मला दाखवलेत. माझ्या आराखड्यात रॉडला आडवे स्क्रू होते. ते तुम्ही खोडलेत आणि दोन्ही टोकांना, अक्षाच्या दिशेने, एम ८ चे (८ मिलिमीटर स्क्रूचे) आटे घ्यायला लावलेत. टोकाचा मधला भाग लेथवर सेंटर ड्रिलने धरला, पुढचे भोक पाडले, आणि जे काम अशक्य वाटत होते ते कोबाल्टच्या ड्रिलचीही गरज न पडता झाले. टणक थर कुठे आहे हे पाहून भोकाची जागाच बदलता येते, हा विचार मला कुणी आधी सांगितला नव्हता.

एके ठिकाणी आडवे भोक टाळता येत नव्हते. तिथे छोट्या ग्राइंडिंग स्टोनने टणक कातडे एवढ्याशा जागेपुरते उडवायचे, कानस धरेपर्यंत थांबायचे नाही आणि मगच ड्रिल लावायचे, हे तुम्ही स्वतः बाजूला उभे राहून माझ्याकडून करून घेतलेत. त्याहून मोलाची सूचना पुढची होती: आरपार जाऊ नका, कारण पलीकडच्या बाजूचा टणक थर ड्रिलला आतून भेटतो आणि ड्रिलची धार तिथेच जाते. भोक गाभ्यातच थांबवले आणि खोलीसाठी ड्रिल मशीनचा स्टॉप आधीच बांधून घेतला.

प्लेटची गोष्ट वेगळी होती, कारण ती आरपार टणक होती. ग्राइंडरवर तिच्या एका कोपऱ्याच्या ठिणग्या पाहून तुम्ही ती ओएचएनएसची, म्हणजे तेलात कडक होणाऱ्या टूल स्टीलची, असल्याचे सांगितलेत. एचसीएचसीआर, म्हणजे जास्त कार्बन व जास्त क्रोमियमचे टूल स्टील, असती तर क्रोमियममुळे ठिणग्या आखूड, लालसर आणि कमी फुटणाऱ्या दिसल्या असत्या. हा फरक महत्त्वाचा का, हेही तुम्ही समजावलेत. ओएचएनएस चुंबक धरेनासे होईपर्यंत, म्हणजे सुमारे ७७० अंशांच्या थोडे वर तापवून राखेत किंवा चुन्यात रात्रभर पुरून ठेवले तर ड्रिलपुरते मऊ होते. एचसीएचसीआर मात्र उघड्या हवेत थंड होतानाच पुन्हा कडक होते, त्यामुळे त्याला भट्टीत फार सावकाश थंड करावे लागते. पोलाद निळे पडेपर्यंत तापवले की ते मऊ झाले, ही समजूतही तुम्ही दुरुस्त केलीत. निळा रंग ३०० अंशांच्या आसपास येतो आणि त्या तापमानाला ओएचएनएस रॉकवेल ५५ च्या जवळपासच राहते; हायस्पीडच्या टॅपला ते अजूनही जड असते.

प्लेट मऊ केली असती तर ती वाकली असती आणि पुन्हा पाणी देऊन ग्राइंड करावी लागली असती. म्हणून तुम्ही मला विचारलेत, की या प्लेटमध्ये आटे हवेतच कशाला? आटे रॉडच्या टोकात आहेत, स्क्रू खालून येणार आहेत, तर प्लेटला फक्त मोकळी भोके पुरतात. त्यासाठी भिंतीत भोके पाडण्याचे १० मिलिमीटरचे कार्बाइड टोकाचे ड्रिल हिरव्या सिलिकॉन कार्बाइडच्या दगडावर नव्याने धार लावून वापरले. पंच मारायचा नाही, आधी लहान भोक पाडायचे नाही, कारण त्याने कार्बाइडचे कोपरे झडतात. प्लेट घट्ट जखडायची, पट्टा सर्वांत कमी वेगाच्या पुलीवर, फेरे मिनिटाला पाचशेच्या आत, दाब सलग, आणि मधूनमधून पाण्याचे थेंब मुळीच नाहीत, कारण तापलेले कार्बाइड अचानक थंड झाले की तडकते. निघणारा कीस सुईसारखा धारदार असतो, म्हणून चष्मा सक्तीचा आणि फिरत्या ड्रिलजवळ हातमोजे वर्ज्य, हे तुम्ही काम सुरू करण्याआधीच सांगितलेत.

जॉब जखडण्यासाठी प्लेटमध्ये दोन ठिकाणी आटे खरोखरच लागणार होते. तिथे मोठे भोक पाडून, खालच्या बाजूला खांदा ठेवलेले माइल्ड स्टीलचे बुश, म्हणजे आतून आटे पाडलेली नळी, बसवायला तुम्ही सुचवलेत. स्क्रू आवळला की बुश वर ओढला जातो आणि त्याचा खांदा टणक प्लेटवर टेकतो, त्यामुळे ते निघून येण्याचा प्रश्नच उरत नाही. मला ही युक्ती साऱ्या कामात सर्वांत सुंदर वाटते.

टॅपिंगविषयी तुम्ही थोडकेच बोललात, पण ते रोज उपयोगी पडते. एम ८ साठी तक्त्यात ६.८ मिलिमीटरचे ड्रिल दिलेले असते आणि त्याने आट्याच्या दातांची उंची पूर्ण उंचीच्या सुमारे ७५ टक्के मिळते. चिवट पोलादात ७ मिलिमीटरचे घेतले तर ती ६२ टक्क्यांवर येते, टॅपवरचा ताण बराच उतरतो आणि बोल्ट त्याच्या व्यासाच्या दीडपट लांबीपर्यंत आट्यांत गेलेला असेल तर आट्यांआधी बोल्टच तुटतो. तीन टॅपचा संच क्रमानेच वापरावा, पहिल्या टॅपवर घाई करू नये, आणि टॅप अडखळला तर जोर न लावता उलटा फिरवून कीस काढावा, हे तुमच्या हाताची हालचाल पाहून मला नीट कळले.

काका, तुम्ही मला तयार उत्तर देऊन निघून जाऊ शकला असता. त्याऐवजी प्रत्येक तुकड्याला पाणी कशाने दिले आहे, किती खोल दिले आहे आणि आपल्याला तिथे नेमके काय हवे आहे, हे मला ओळखता येईपर्यंत तुम्ही माझ्या शेडमध्ये उभे राहिलात. त्या वेळेबद्दल आणि धीराबद्दल मी तुमचा मनापासून ऋणी आहे.

आता ओएचएनएसचे एक नवे ड्रिल जिग, म्हणजे ड्रिल नेमक्या जागी नेणारा मार्गदर्शक साचा, हाती घेतले आहे. या वेळी तुम्ही सांगितलेला क्रम ठेवला आहे: भोके आणि आटे पोलाद मऊ असतानाच, ग्राइंडिंगसाठी थोडा माल राखून, आणि पाणी देण्यापूर्वी आटे अग्निमातीने बुजवून. उष्णताप्रक्रिया होऊन आले की टणकपणा मोजून घेतो आणि तो आकडा व जिग दोन्ही घेऊन कुपवाडला तुमच्याकडे येतो. काकूंना नमस्कार सांगावा.

आपला नम्र,
विश्रामबाग, सांगली येथील तुमचा विद्यार्थी