अप्पांचा तारा आणि तुझा गुडघा

चि. बाळास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तू गेल्याला आज बारा दिवस झाले. पोहोचल्याचा फोन बाबांना केलास, मला नाही. मी ते मनात धरलेलं नाही, नुसतं लिहून टाकलं. फोनवर मला नीट बोलता येत नाही. तू "बरं, बरं" म्हणतोस, मागे कुणीतरी शिट्टी मारतं, की संपलं. म्हणून शाळेतली उरलेली आखीव वही काढली.

आधी बातमी. सोमवारी रजिस्टर पाकीट आलं. अप्पांच्या कागदांवर 'पूर्वी स्टार', म्हणजे एकाहत्तरच्या लढाईतला पूर्व आघाडीचा तारा, चढला! पोस्टमन सही मागत उभा होता आणि मी चष्मा शोधत होते. तो माझ्या केसांतच होता. मेडल मागाहून येईल. त्यावर अप्पांचा नंबर, हुद्दा आणि नाव कोरलेलं असतं, म्हणून 'महादू' असंच कोरा, 'महादेव' नको, हे मी वेगळ्या कागदावर लिहून दिलंय. अप्पांच्या आधार कार्डावर महादेव आणि भरतीच्या कागदावर महादू, या दोन नावांनी माझे पाच महिने खाल्ले. दोन्ही माणसं एकच, असं आजीचं प्रतिज्ञापत्र करावं लागलं. साठ वर्षं संसार केलेल्या बाईनं अंगठा देऊन सांगायचं की हा आणि तो नवरा एकच. आजी म्हणाली, "दुसरा असता तर त्याला पण ओळखला असता की."

वूंड मेडलला, म्हणजे लढाईतल्या जखमेच्या मेडलला, मात्र नाही म्हणाले. ते पुढे लिहिते. तुझ्या गुडघ्याबद्दल या पत्रात मी काहीही लिहिणार नाही, हे आधीच सांगून ठेवते.

त्या रात्री तू म्हणालास, "आई, अप्पा गेले. आता ते मेडल काय फोटोला टांगायचंय?" त्यावर मी म्हणाले, "आधी स्वतःच्या छातीवर एखादं येऊ दे, मग बोल." बाळा, ते माझ्या तोंडून कसं गेलं मला ठाऊक नाही. ती मेडलं जिथे मिळतात तिथे तुझी पाळी येऊ नये म्हणून मी शनिवार धरते, आणि वर तोंडानं हे बोलते. सकाळी तू पाया पडलास तेव्हा मला सांगायचं होतं, पण एसटी लागली होती. चढताना तू दोन्ही पायऱ्यांवर आधी डावा पाय टाकलास आणि उजवा मागून ओढून घेतलास. मी पाहिलं. बाबांनी नाही पाहिलं, ते कंडक्टरशी सुट्ट्या पैशांवरून बोलत होते.

तर अप्पांचं. तू रजेवर अर्धवट ऐकलंस आणि वैतागलास, म्हणून पहिल्यापासून सांगते. काळ्या ट्रंकेतलं डिस्चार्ज बुक तू पाहिलंयस. त्यात मेडलांच्या रकान्यात चारच नावं: रक्षा मेडल, संग्राम मेडल, स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षाचं आणि नऊ वर्षं नोकरीचं. संग्राम मेडल एकाहत्तरच्या वेळी नोकरीत होते त्या बहुतेक सगळ्यांना मिळालं. पण पूर्वेच्या आघाडीवर होते त्यांना पूर्वी स्टार आणि पश्चिमेच्या आघाडीवर होते त्यांना पश्चिमी स्टार, असे दोन वेगळे तारे होते. अप्पांच्या कागदावर दोन्हीपैकी एकही नाही. म्हणजे कागदाच्या हिशोबानं १९७१ च्या डिसेंबरात अप्पा कुठेच नव्हते. आपल्या घरात दर १६ डिसेंबरला शिरा होतो तो कशाचा? "आज ढाका पडलं" म्हणून आजी अजून कढई चढवते. लहानपणी तुला वाटायचं ढाका म्हणजे कुणाची तरी भिंत.

मी हे काम हातात घेतलं ते मेडलाच्या हौसेनं नाही. अप्पांच्या शेवटच्या चार महिन्यांत त्यांना अंघोळ मी घालत होते, कारण बाबांचे हात थरथरतात आणि आजीला वाकवत नाही. पहिले काही दिवस त्यांनी बनियन काढू दिलं नाही. मग एक दिवस स्वतःच हात वर केले. उजव्या खांद्याच्या मागे, पाठीच्या हाडाला लागून, रुपयाएवढा खळगा आणि त्याच्या खाली वेडीवाकडी शिवण. मी विचारलं, "हे बैलाचं ना?" सर्जानं शिंग मारल्याची गोष्ट या घरात लग्न होऊन आल्यापासून ऐकत होते. अप्पा म्हणाले, "सर्जा गरीब होता गं. त्याच्यावर उगाच आळ आला." एवढंच. मग म्हणाले पाणी गार झालंय.

ते गेल्यावर वर्षश्राद्ध होईपर्यंत मी ट्रंकेला हात लावला नाही. नंतर उघडली. तळाला आजीला आलेली आंतर्देशीय पत्रं होती, रबर लावून, पत्त्यात ९९ एपीओ. तुला सांगायला नको, ते पूर्वेकडचं सैनिकी टपाल. त्यातलं एक जानेवारी बहात्तरचं, मिलिटरी हॉस्पिटलातून लिहिलेलं: "मला थोडा ताप येऊन गेला. काळजी नसावी. म्हैस व्याली का ते कळवणे." आजीला वाचता येत नव्हतं, तेव्हा ते शेजारच्या मास्तरांनी वाचलं असणार. तिला आठवते ती फक्त म्हैस. पाडी झाली होती.

मग मी माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला. दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर, तीस दिवसांची मुदत. पहिलं उत्तर आलं की माहिती दुसऱ्याची वैयक्तिक आहे. मी आजीच्या नावानं, कुटुंबपेन्शनचा पीपीओ, म्हणजे मंजुरीचा कागद, जोडून पुन्हा टाकला. साताऱ्याच्या सैनिक कल्याण कार्यालयात एक निवृत्त सुभेदार साहेब येऊन बसतात, त्यांनी सांगितलं की ताई, नुसतं 'मेडल द्या' लिहू नका, शीट रोलची, म्हणजे नोकरीच्या नोंदपत्राची, प्रत मागा आणि हॉस्पिटलात दाखल झाल्याची अधिकृत नोंद असते तो पार्ट टू ऑर्डर मागा. माणूस देवासारखा भेटला. त्यांनीच बजावलं की पेन्शनवाल्यांचे कागद पुष्कळ वर्षं ठेवतात, पण कायमचे ठेवत नाहीत. त्या रात्री मला झोप नाही.

कागद आले. त्यात निघालं काय, तर पलटणीत स्टारसाठी नावांची यादी झाली तेव्हा अप्पा हॉस्पिटलात होते, तिथून सुट्टीवर, तिथून डेपोत. यादी झाली, पुढे गेली, आणि हे परत येईपर्यंत विषय संपलेला. कुणी मुद्दाम केलं नाही. अप्पांनी नंतर विचारलं असतं तर तेव्हाच एका ओळीत चढलं असतं. त्यांनी विचारलं नाही. सतरा वर्षांच्या नोकरीत त्या माणसानं कधी काही विचारलं नाही, आणि त्याचं आपण घरात कौतुक करत आलो.

त्यांच्या सेक्शनमधले एक हवालदार खटावच्या बाजूला आहेत, ब्याऐंशी वर्षांचे. बाबा आले नाहीत, मी आणि ताई गेलो. म्हाताऱ्यानं आधी ताईला विचारलं, "तू महादूची नात? नाक तसंच आहे." मग दोन तास बोलत होते. लढाईच्या दुसऱ्या आठवड्यात गोळ्याची कपची अप्पांच्या खांद्यात घुसली. अप्पांनी पगडीच्या कापडासारखा कसला तरी पट्टा करून यांच्याकडून बांधून घेतला आणि शपथ घातली की नर्सिंगवाल्याला सांगायचं नाही. का, तर मागे पाठवतील आणि ढाका बघायचं राहील. दोन दिवस तसेच चालले. तिसऱ्या दिवशी अंगात फणफणून ताप, शुद्ध नाही. उचलून नेलं. दाखल करताना कागदावर लागला तो ताप. ढाक्यात सोळा तारखेला शरणागती झाली, त्र्याण्णव हजार माणसांनी हत्यारं टाकली, आणि आपले अप्पा कुठल्या तरी वॉर्डात ग्लानीत. ज्याच्यासाठी लपवलं तेच बघितलं नाही.

आणि वूंड मेडल नाकारलं ते याच कारणानं. शत्रूच्या हल्ल्यात जखमी झाल्याची नोंद पाहिजे. नोंद तापाची आहे. हवालदारांनी प्रतिज्ञापत्र दिलं, खळग्याचा फोटो कुणी काढला नव्हता, आणि आता अप्पाच नाहीत तर डॉक्टर तपासणार काय?

म्हणून विचारते, एमआय रूमला, तुमच्या पलटणीच्या दवाखान्यात, गेलास का?

बघ, आलंच. लिहिणार नव्हते. पण आता आलंय तर ऐक. तू म्हणालास क्रिकेट खेळताना मुरगळला. क्रिकेटमध्ये मुरगळलेला पाय महिनाभर असा ओढावा लागत नाही. ताईकडून कळलं की बीपीईटीच्या, त्या तुमच्या शारीरिक चाचणीच्या, सरावात, पाच किलोमीटरच्या धावण्यात, खड्ड्यात पाय गेला. तिच्यावर रागावू नकोस, मी तिला पोळ्या लाटायला बसवून काढून घेतलं. मला हेही माहीत आहे की पुढे तुझं बढतीचं कॅडर आहे आणि आता लो मेडिकल कॅटेगरी लागली तर ते हुकेल. मी अडाणी नाही. पण ड्युटीवर लागलेली जखम असेल तर तिचा इंज्युरी रिपोर्ट त्याच वेळी व्हावा लागतो. उद्या, देव न करो, तो गुडघा कायमचा धरला तर तुला कुणीतरी विचारील की हे नोकरीत झालं याला पुरावा काय. तेव्हा तू काय दाखवशील? "थोडं सुजलंय, काळजी नको" हा तुझा मेसेज? तुझा तो मेसेज आणि अप्पांचं ते पत्र मी शेजारी शेजारी ठेवून बघितलं. म्हशीचा तेवढा फरक.

प्रत्येक पार्ट टू ऑर्डरची एक प्रत स्वतःकडे ठेवायची. नावाचं स्पेलिंग आधार, पॅन आणि सर्व्हिसच्या कागदांत एकसारखं आहे का हे वर्षातून एकदा बघायचं. लग्न झालं की लगेच नोंद करायची. कोऱ्या कागदावर सही करायची नाही. वरिष्ठांना विचारायला लाजायचं नाही, विचारणं म्हणजे तक्रार नव्हे. घरी...

थांबते. शाळा सुटून सहा वर्षं झाली तरी फळा समोर असल्यासारखं लिहितेय. तू आता मोठा आहेस, हाताखाली पोरं आहेत, त्यांना तू हेच सांगत असशील. रागावू नकोस. माझं माहेर अपशिंग्याच्या शेजारचं. पहिल्या महायुद्धात त्या एका गावाचे ४६ जण गेले, हे आम्हाला लहानपणी अभिमानानं सांगायचे आणि आम्ही तितक्याच अभिमानानं पाठ म्हणायचो. त्यांच्या आयांचं कुणी कधी सांगितलं नाही, आणि मलाही तेव्हा विचारायचं सुचलं नाही.

तुझ्या पासिंग आउटला अप्पा व्हीलचेअरवर होते, आठवतंय? परेड संपल्यावर तू सॅल्यूट ठोकलास आणि त्यांनी बसल्या बसल्या पाठ ताठ केली. उजवा हात पूर्ण वर गेला नाही. मला वाटलं वय. तो खांदा होता. माझ्याकडे तो फोटो आहे आणि आता मला त्यात दुसरं काही दिसत नाही.

बाबांना मी सर्जाचं खरं सांगितलं. बराच वेळ बोलले नाहीत, मग उठून गोठ्यात गेले. गोठ्यात आता आहे काय, तुझी जुनी सायकल आणि कडब्याचं यंत्र. अर्ध्या तासानं आले आणि म्हणाले, "मी लहानपणी त्या बैलाला काठीनं मारलं होतं. अप्पांना शिंग मारलं म्हणून." मग जेवले नाहीत. काल स्वतःहून पाकिटातला कागद मागून घेतला आणि दोनदा वाचला. फ्रेमवाल्याकडे चौकशीही केली म्हणे, पण मला तसं बोलले नाहीत.

वूंड मेडलचा मी पुन्हा अर्ज करणार आहे. सुभेदार साहेब म्हणतात की हॉस्पिटलच्या केस शीटमध्ये खांद्याच्या ऑपरेशनचा उल्लेख असेल तर ती मागावी, कारण टाके नुसत्या तापाला घालत नाहीत. ते मिळेल की नाही माहीत नाही. आजी म्हणते पुरे कर. मी तिला म्हटलं, तुझा अंगठा आहे तोवर करते. तिनं शाई लागलेला अंगठा पदराला पुसला आणि म्हणाली, मग लवकर कर.

सोबत ताईच्या हाती गुडघ्याची पट्टी पाठवतेय, तिच्या नवऱ्याची बदली तिकडेच झालीय हे तुला कळलं असेलच. पट्टी रात्री काढून ठेवायची. आणि एमआय रूममधून मिळालेल्या कागदाचा फोटो काढून मला पाठव. बाबांना नको, मला. दिसला की मी पुन्हा विचारणार नाही.

तुझी,
आई

ता. क. : तू म्हणालास तेच खरं, तारा आला की फोटोलाच टांगणार आहे. पण तू रजेवर येईपर्यंत पाकीट फोडणार नाही.