मधुबालाच्या आजारपणावरील श्राव्य भागातील चुकांबाबत तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग

विषय : 'पुराव्यानिशी' अशी जाहिरात करून ऐकीव गोष्टी विकल्याबाबत, दुरुस्ती व वर्गणीचा परतावा मिळण्याबाबत.

महोदय,

आपल्या ॲपची वार्षिक वर्गणी आमच्या वाचनालयाने भरलेली आहे. सिनेनटांच्या अखेरच्या वर्षांवरील आपली मालिका 'संशोधन करून, पुराव्यानिशी' तयार केल्याचे जाहिरातीत म्हटले आहे. वर्गणी भरली ती या शब्दांवर. मधुबालावरचा भाग ऐकल्यावर मात्र हे शब्द जाहिरातीपुरतेच होते असे दिसते.

सर्वात गंभीर चूक सुरुवातीलाच आहे. निवेदक सांगतो की दिलीपकुमारशी संबंध तुटल्याच्या धक्क्याने तिच्या 'हृदयाला छिद्र पडले'. असे छिद्र धक्क्याने पडत नसते. मधुबालाला होता तो हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्यातला जन्मजात दोष. १९५४ साली मद्रासला 'बहुत दिन हुए'च्या चित्रीकरणात तिला रक्ताची उलटी झाली. ज्या 'नया दौर'च्या खटल्यावर (निर्मात्याने मधुबालाविरुद्ध भरलेला, दिलीपकुमारने तिच्याविरुद्ध साक्ष दिलेला) आपण अर्धा भाग खर्ची घातला तो १९५७चा. म्हणजे आजार आधी दिसला, बेबनाव नंतर गाजला. सन लावून पाहिले असते तरी ही चूक टळली असती.

हीच गत 'मुगल-ए-आझम'मधल्या साखळदंडांची. त्या जड बेड्यांनी तिचा जीव घेतला, असे आपण ठोकून दिले आहे. आजारी बाईला त्या चित्रीकरणाचा त्रास झाला असणार हे मान्य. पण चित्रपट ५ ऑगस्ट १९६०ला लागला आणि ती २३ फेब्रुवारी १९६९ला गेली, वयाच्या ३६व्या वर्षी. त्रास होणे आणि मरणाचे कारण असणे यातला फरक निवेदकाला कळायला हवा होता.

लंडनच्या प्रसंगात तर आपण कहरच केला आहे. १९६०मध्ये किशोरकुमारशी लग्न झाल्यावर ती उपचारांसाठी लंडनला गेली आणि तिथल्या डॉक्टरांनी शस्त्रक्रियेला नकार दिला. इथपर्यंत बरोबर. पण 'पैसे कमी पडले' आणि 'वडिलांनी सही दिली नाही' हे कुठून आणले? नकाराचे कारण शरीरशास्त्रात शोधायला हवे. डाव्या कप्प्यातला दाब उजव्यापेक्षा कितीतरी जास्त असतो, म्हणून छिद्रातून रक्त उजवीकडे ढकलले जाते आणि फुप्फुसांकडे गरजेपेक्षा जास्त रक्त जाते. छिद्र मोठे असेल तर वर्षानुवर्षे हा मारा सोसून तिथल्या रक्तवाहिन्या जाड आणि कडक होतात. दाब चढत जातो आणि शेवटी प्रवाह उलटा फिरतो. प्राणवायू कमी असलेले रक्त अंगभर जाऊ लागते. ती तूट भरून काढायला शरीर तांबड्या पेशी वाढवते, रक्त दाट होते, धाप लागते, खोकल्यातून रक्त पडते. या टप्प्यावर छिद्र बुजवले तर उजव्या कप्प्याला दाब सोडायला वाटच उरत नाही आणि तो निकामी होतो. आजही अशा रुग्णाचे छिद्र बंद करत नाहीत. तिची बहीण मधुर भूषण यांनी मुलाखतींत सांगितलेली लक्षणे, म्हणजे नाकातोंडातून रक्त येणे, घरी रक्त काढावे लागणे, प्राणवायू लावावा लागणे, याच टप्प्याशी जुळतात.

शस्त्रक्रियेचा इतिहासही पाहावा. असे छिद्र उघड्या हृदयावर शस्त्रक्रिया करून पहिल्यांदा बंद केले ते अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात डॉ. लिलेहाय यांनी, मार्च १९५४मध्ये. मधुबालाची ती रक्ताची उलटीही त्याच वर्षातली. तिच्या लहानपणी हा इलाज जगात कुठेच नव्हता. खरी शोकांतिका ही आहे, आणि आपल्या भागात तिचा एका वाक्यानेही उल्लेख नाही.

आता किशोरकुमार. 'आजारी बायकोला टाकून दिले' हे आपले वाक्य. ती वांद्र्याला माहेरी राहत होती, तो अधूनमधून भेटायला येई, उपचारांचा खर्च करी, आणि लग्न तिच्या मृत्यूपर्यंत टिकले, असे घरच्यांच्या सांगण्यातून दिसते. त्याचे येणे फार विरळ होते, ही तक्रारही त्याच सांगण्यात आहे. दोन्ही बाजू ऐकवल्या असत्या तर आमची हरकत नव्हती. या मुलाखती घटनेनंतर कितीतरी वर्षांनी दिलेल्या आहेत, हेही श्रोत्याला सांगायला हवे.

'नऊ वर्षे काम करत होती, १९६४पर्यंत चित्रपट येत होते' हा पुरावा आपण दिला आहे आणि लगेच पुढे 'नऊ वर्षे खाटेवरच' असेही म्हटले आहे. एकाच भागात दोन्ही! गोंधळ प्रदर्शनाच्या सालाने झाला आहे. 'झुमरू' १९६१, 'हाफ टिकट' १९६२, 'शराबी' १९६४ ही पडद्यावर आल्याची वर्षे, कॅमेऱ्यासमोर उभे राहिल्याची नव्हेत. 'ज्वाला' तर तिच्या मृत्यूनंतर, १९७१मध्ये लागला. तब्येत केव्हा कितपत साथ देत होती हे ठरवायचे तर चित्रीकरणाच्या तारखा हव्यात, त्या काळची सिनेमासिके चाळायला हवीत. १९६६च्या सुमारास राज कपूरबरोबरच्या 'चालाक'साठी ती पुन्हा सेटवर आली आणि चित्रपट अपुरा राहिला, ही त्या वर्षांतली बोलकी गोष्ट आपण गाळली. जुहूच्या कबरस्तानातली तिची संगमरवरी कबर 'आजही पाहता येते' म्हणता, ती २०१०मध्ये पाडली गेली.

एवढे हटून बसण्याचे कारण आहे. 'छिद्र असलेल्याला ऑपरेशन झेपत नाही, लंडनच्या डॉक्टरांनीही हात टेकले' हे वाक्य आमच्या गावखेड्यांत पोराच्या आयाबापांच्या कानावर पडते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत, एकदा शाळेत तपासणीला येते. छातीत वेगळा आवाज लागला तर मूल पुढे पाठवते, आणि अशा बालकांची शस्त्रक्रिया मोफत होते. लहान छिद्र कधीकधी आपोआप बुजते, मोठे वेळेत बंद केले तर मूल शाळेत धावते. उशीर हाच धोका. आपला भाग ऐकून एखाद्या आजीने 'नको रे बाप्पा, पोट्टीले कापाले नेऊ नका' म्हटले तर आरोग्यसेविकेने समजूत कशी घालायची?

तरी १५ दिवसांत पुढील कार्यवाही व्हावी. भाग काढून घ्यावा किंवा दुरुस्त करून पुन्हा द्यावा. दुरुस्तीची घोषणा भागाच्या सुरुवातीलाच ऐकवावी, खालच्या बारीक अक्षरांत नको. प्रत्येक विधानाचा आधार त्या काळची बातमी, नातलगाची मुलाखत की नुसती चर्चा, हे सांगावे. जाहिरातीतले 'पुराव्यानिशी' काढावे आणि आमची वर्गणी परत करावी. अन्यथा दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार जिल्हा आयोगाकडे जाऊ. तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात तक्रार चालते आणि एवढ्या रकमेला शुल्कही नाही, त्यामुळे आम्हाला मुंबई गाठायची गरज नाही.

सोबत : वर्गणीची पावती, जाहिरातीचे छायाचित्र, आक्षेपार्ह विधानांची मिनिटवार नोंद.

आपले,
चित्रपट अभ्यास गटाचे सभासद,
सार्वजनिक वाचनालय,
ता. मोर्शी, जि. अमरावती